मे महिन्यात ईईजी घ्यायचा तर
नागपूरच्या मे महिन्यात ईईजीचा, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड (धातूच्या छोट्या चकत्या) लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत-नोंदीचा, पहिला वैरी म्हणजे घाम. तो सुटला की सिग्नल १ हर्ट्झच्या खाली संथ हेलकावे घेतो. संथ लहरी गाळून टाकणाऱ्या हाय-पास फिल्टरने ते बरेच आटोक्यात येतात, पण खोली आधीच गार केलेली केव्हाही बरी. रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंदच हवा. मेंदूचा सिग्नल जेमतेम १० ते १०० मायक्रोव्होल्ट, त्यात मोटर-वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण शिरते. लॅपटॉपही बॅटरीवर चालवा.

तेल लावून आलेल्याला आधी शाम्पू करायला लावा, त्याला इलाज नाही! केस सारून त्वचा हलकेच घासा, मग वीज वाहून नेणारं जेल. इम्पिडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत-अडथळा, ५ किलोओहमखाली आला की पुरे. जास्त जेल ओतलं तर ते पसरून शेजारचे इलेक्ट्रोड एकमेकांना जोडतं. हात हलवण्याच्या नुसत्या कल्पनेवर कर्सर सरकवायचा असेल, तर सी३ आणि सी४ या (डोक्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, हालचाली सांभाळणाऱ्या भागावरच्या) इलेक्ट्रोडवर ८ ते १३ हर्ट्झची ताकद घटते का, ते बघा.