वस्तादांचा लाल ठिपका

कुडाळात रिपेरिंगचं दुकान असेल, तर चतुर्थीच्या आधीचा महिना जेवायलाही फुरसत देत नाही. भजनी मंडळांचे ॲम्प्लिफायर, मंडपांचे मिक्सर, कोणाचा कीबोर्ड. वर्षभर माळ्यावर पडलेलं सामान गणपतीच्या तोंडावर उतरवायचं आणि बंद निघालं की माझ्या टेबलावर आणून आपटायचं, ही आपल्या लोकांची पद्धत. त्याच गर्दीत मालवणकडचे एक काका पिशवीतून गुलाबी रंगाचा डबा घेऊन आले.

"ह्यां पेटणां नाय. तुझ्या वस्तादान तेवाच सांगल्यान, मेलां म्हणान. पण नातू गिटार शिकता, तू एकदा बघ."

तो बॉस कंपनीचा डीएम-2 होता, ॲनालॉग डिलेचं पेडल, म्हणजे गिटारच्या आवाजामागे पडसाद उठवणारा, पायाने दाबायचा डबा. 1981 साली बाजारात आलं आणि 1984 च्या सुमारास बंदही झालं. काका तेव्हा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे आणि हे कोणीतरी आखातातून आणून दिलेलं.

असली पेडलं 'मेली' म्हणून येतात, त्यातली बरीचशी जिवंतच असतात. त्यांना चालू-बंदचं वेगळं बटण नसतं. इनपुटच्या सॉकेटात गिटारची पिन घुसली की बॅटरीचं निगेटिव्ह ग्राउंडला जोडलं जातं. पिन नाही तर बॅटरीवर दिवाही नाही. लोक नुसती बॅटरी घालून वाट बघत बसतात. दुसरं कारण ॲडॉप्टर. ह्यांना मध्ये निगेटिव्ह आणि बाहेर पॉझिटिव्ह लागतं, आणि घरात रेडिओचा सापडेल तो खुपसला की उलट करंट अडवणारा डायोड जातो. एसीए अशी खूण असलेल्या जुन्या पेडलांची आणखी एक गंमत आहे: त्यांचा मूळ ॲडॉप्टर अनरेग्युलेटेड, बारा व्होल्टच्या आसपास देणारा. आजचा रेग्युलेटेड नऊ व्होल्टचा लावला की दिवा मिणमिणतो किंवा दिसतच नाही, आणि दुकानदार नवीन पेडल खपवायला मोकळा. शिवाय आपल्याकडे कुंभारीण माशी आहेच. सॉकेटाच्या भोकात मातीचं घर बांधलं की संपर्क तुटला. टाचणीने माती उकरून मी पैसे घेतले आहेत, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

ह्यात तसलं काही नव्हतं. तळाची पत्री काढली, तर किनाऱ्यावरच्या घरात इतकी वर्षं पडलेल्या वस्तूच्या मानाने आतून स्वच्छ. खारी हवा तांब्यावर हिरवा थर चढवते आणि वायर आतून खाते. तसं खाल्लेलं टोक काळपट, ठिसूळ असतं. इथे ॲडॉप्टरच्या सॉकेटावर व्होल्टेज येत होतं, बोर्डावर काहीच नव्हतं. मधली लाल वायर बोर्डापासून सोडवलेली होती. तिच्या टोकावर स्लीव्ह चढवून ती बाजूला दुमडून ठेवलेली, आणि जिथे ती जोडलेली असायची, तिथलं शिसं पंपाने ओढून जागा लख्ख केलेली. शेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका.

वस्ताद ज्या सांध्याला हात लावत, तिथे लाल ठिपका देत. पुढच्या वेळी आपलं काम आपल्याला ओळखता यावं म्हणून. त्यांच्याकडे शिकत होतो तेव्हा ती बाटली बांगड्यांच्या दुकानातून मीच आणून द्यायचो.

वायर जोडली. दिवा लागला. गिटारचा आवाज कोरडाच आला, मागून पडसाद नाही. बोर्ड उलटा केला तर एमएन3005 ची जागा रिकामी.

पेडलचा जीव म्हणजे ही आयसी. मात्सुशिताची, आठ पायांची, आत 4096 कप्पे. विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेत उभी राहून कळशी पुढे देतात, तसा आवाजाचा तुकडा एका कप्प्यातून दुसऱ्यात जातो, आणि जाईपर्यंत जो वेळ लागतो तोच डिले. ती कोणीतरी बोर्डावरचा एकही तांब्याचा ट्रॅक न उचलता काढली होती. भोकं अशी साफ, की सुई आरपार जावी. असं काम ह्या जिल्ह्यात करणारा एकच माणूस मला माहीत आहे. ठिपका तिथेही होता.

मग मला ती चतुर्थी आठवली. कोकण रेल्वे सुरू व्हायच्या आधीची. दुसऱ्या एका ऑर्केस्ट्राचा डिले कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बसला आणि वस्तादांनी तो रातोरात उभा केला. आयसी कुठून आणली विचारलं, तर म्हणाले मुंबईहून. लॅमिंग्टन रोडचं पार्सल एसटीने यायला तेव्हा दिवस लागायचे. मी भाबडेपणाने मान डोलावली होती.

आयसी काढली हे एक वेळ ठीक. सणाच्या रात्री अडलेल्याला उभं करायचं आणि नवी मिळाली की परत बसवायची, असं मनात असू शकतं. पण वायर का सोडवली? आयसी नसली तरी पेडल चालतं, कोरडा आवाज जातो, काही जळत नाही. कितीही डोकं खाजवलं तरी तांत्रिक कारण सापडत नाही. पेटलंच नाही तर डिले कुठे गेला हे कोणी विचारणार नाही, एवढंच एक कारण उरतं.

मूळ आयसीचं उत्पादन केव्हाच बंद झालं. बाजारात खोट्यांचा सुळसुळाट: दुसरीच आयसी घासून वर नवा नंबर छापलेला. ॲसिटोनचा बोळा फिरवला की अक्षरं कापसावर येतात. माझ्या पहिल्या मागणीतली आली. पुरवठादाराने फोन उचलणं बंद केलं. मग हल्ली नव्याने बनते ती मागवली आणि बसवली. बायसचा प्रीसेट, म्हणजे आयसीचं व्होल्टेज जुळवायचा बारका स्क्रू, फिरवताना ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लाट वरून आणि खालून सारखीच कापली जाईपर्यंत हात काढायचा नाही. घाईवाले इथेच चुकतात, आणि मग 'नव्या आयसीला तो गोडवा नाही' म्हणत फिरतात.

काका न्यायला आले. "काय झाला होता?"

"वायर सुटली होती. आणि एक आयसी गेली होती."

त्यांनी गिटार लावून बघितली, पैसे दिले, पेडल पिशवीत घातलं आणि म्हणाले, "आता सरळ वस्तादाकडे जातंय, दाखवूक. तुझो चेलो तुझ्यापेक्षा हुशार झालो म्हणान सांगतंय." त्यांना काय सांगून थांबवणार होतो?

संध्याकाळी वस्तादांचा फोन आला.

"खरी गावली काय रे?"

"नवीन बनतात आता. चालते."

"कितीक पडली?"

आकडा सांगितला. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेवा गावत नाय होती रे." आणि लगेच विचारायला लागले, बाजारपेठेतल्या मंडळाच्या मिक्सरचं काय झालं, त्याचा ट्रान्सफॉर्मर गरम होतो का अजून. मी मिक्सरचं सांगत राहिलो. वायरबद्दल त्यांनी विचारलं नाही, आणि माझ्याही तोंडून निघालं नाही.