लोक की आवाज

जुनी जर्मन हस्तलिखितं वाचून टाइप करून देणं हा माझा धंदा, तोही पुण्यात बसून. लोकांना हसू येतं. पण सुटरलिन ही शाळेत शिकवली जाणारी लिपी १९४१ मध्ये बंद झाली आणि आता जर्मन नातवंडांनाच आजोबांचं अक्षर लागत नाही. आपल्याकडे मोडीचं झालं तेच. या लिपीतला 'ए' अगदी 'एन'सारखा दिसतो. 'यू' ओळखायचा तो डोक्यावरच्या कमानीवरून, आणि घाईतला शिपाई नेमकी कमानच विसरतो.

मध्यंतरी एका एजन्सीकडून दुसऱ्या महायुद्धातल्या एका जर्मन शिपायाची पत्रं आली. घरच्यांना पुस्तिका काढायची होती. आघाडीवरच्या पत्रात गावाचं नाव लिहायची मनाई, वर फक्त पाच आकडी फील्डपोस्ट नंबर, म्हणजे तुकडीचा टपाल क्रमांक. तो यादीशी ताडला: २९५वी इन्फंट्री डिव्हिजन. १९४० ची उभारणी, युक्रेनमार्गे स्टालिनग्राड, १९४३ च्या सुरुवातीला तिथेच खलास. मग तोच नंबर नव्या डिव्हिजनला देऊन ती नॉर्वेत ठेवली.

२१ ऑगस्ट १९४१ च्या पत्राशी अडकलो. मोजे पाठव, ब्लेड पाठव, आणि मग एक ओळ: रात्री अमुक एका गोष्टीमुळे झोप नाही. तो शब्द 'लॉइटं' म्हणजे लोक, किंवा 'लाउटं' म्हणजे आवाज. फरक एका अक्षराचा, 'ए' की 'आ'; व्याकरणात दोन्ही बसतात.

त्या दिवसांत ही डिव्हिजन युक्रेनमधल्या बिला त्सेर्क्वा गावात होती. तिथे सुमारे ९० ज्यू मुलं एका घरात कोंडलेली, आईबाप आधीच मारलेले. त्यांचं रडणं ऐकून शिपायांनी टेवेस आणि विल्चेक या पाद्रींना सांगितलं, त्यांनी डिव्हिजनच्या पाद्रींना, आणि त्या पाद्रींनी डिव्हिजनचा स्टाफ ऑफिसर ग्रोसकुर्टला. त्याने प्रकरण थांबवून वर कळवलं. ६व्या आर्मीचा सेनापती रायखेनाऊने मारायला संमती दिली. २२ तारखेला मुलांना गोळ्या घातल्या.

त्या माणसाच्या बाकीच्या पत्रांतले सगळे 'ए' काढून बघितले, आणि सगळे 'आ'ही. मांडीवर कागद ठेवून लिहिताना त्याचा 'आ' वरून उघडा राहतो आणि 'ए'सारखा दिसतो. हे पत्र मांडीवरचंच, ओळी उतरत्या. मी दोन्ही शब्द दिले, प्रश्नचिन्ह घातलं, खाली गावाबद्दल चार ओळींची टीप जोडली.

एजन्सीतली मुलगी म्हणाली, "सर, क्लायंटला क्लीन टेक्स्ट हवंय." टीप गेली, प्रश्नचिन्हही गेलं. या लोकांना शब्दांचे पैसे मोजता येतात, शब्द नाही. पुस्तिकेत 'लोक' छापलं गेलं.

पैसे वेळेवर आले. स्कॅन अजून डिलीट केलेला नाही; परवाही चारशे टक्के मोठा करून बघितला.