आजीला जेवण द्यायची वेळ

भुताचा सिनेमा बघताना लोक डोळ्यांवर हात घेतात, मी कानांत बोटं घालते. पडद्यावर रक्ताचा सडा पडला तरी माझं जेवण अडत नाही, पण दाराची कडी नुसती कुरकुरली की संपलं. आवाज बंद केला की निम्मी भुतं बिनपगारी रजेवर जातात. ‘तुंबाड’ या सिनेमापुढे मात्र ही युक्ती चालली नाही.

त्यात घाबरण्यासारखं काय आहे, असं बरेच जण म्हणतात. त्यातल्या हस्तरपुरतं, म्हणजे सोनं राखणाऱ्या त्या शापित, कायम भुकेल्या देवापुरतं बोलायचं तर मलाही ते पटतं. त्याची मला कीवच आली. सोनं हवं तेवढं, आणि अन्नाचा कण नाही! पिठाची बाहुली दिसली की कसा तुटून पडतो बिचारा. माझी जी काही घाबरगुंडी उडायची ती त्याच्या कितीतरी आधी, म्हातारीच्या खोलीपाशीच उडाली होती.

साल 1918, कोकणातलं एकाकी घर. जखमी भावाला घेऊन आई बाहेर गेलेली, सिनेमाचा नायक विनायक, तेव्हा लहान पोर, घरात एकटा. आत साखळदंडाने बांधलेली म्हातारी आणि तिला जेवण द्यायचं काम पोराच्या गळ्यात. पुढे जे होतं ते भयंकर आहेच, पण माझा घसा कोरडा पडला तो ताट घेऊन दाराशी उभं राहण्यापाशी. कारण त्या दाराशी मी उभी राहिलेली आहे. आमची पणजी शेवटी शेवटी माजघरापलीकडच्या खोलीत असायची आणि मऊभाताची वाटी घेऊन जायचं काम माझ्याकडे. उंबरठ्यावरच अमृतांजनाचा आणि ओल्या गोधडीचा वास यायचा. आत डोळ्याला काही दिसायच्या आधी आवाज यायचा, “कोण गं?” बस्स, एवढंच. ती बिचारी कुणाला खायला उठणार होती? तरी मी वाटी स्टुलावर टेकवून धूम ठोकायचे. भुताला घाबरण्यात काही वाटत नाही. आपल्याच माणसाला घाबरण्यात जी लाज असते तिचं काय करायचं? त्या पाचदहा मिनिटांत सिनेमाने ती लाज बरोबर उकरून काढली.

ही म्हातारी आली आहे ती भयकथाकार नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेच्या प्रेरणेतून. म्हणजे पांघरुणात धारप वाचून मोठ्या झालेल्यांना ती अगदीच अनोळखी नाही. आणि गंमत म्हणजे तिची भूमिका केली आहे मोहम्मद समद या मुलाने, जो पुढे विनायकच्या मुलाच्या, पांडुरंगच्या, भूमिकेत दिसतो. हे कळल्यावर भीती कमी होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. सप्टेंबर 2024 मध्ये सिनेमा पुन्हा थिएटरला लागला तेव्हा बघायला गेले, तर पांडुरंग बापाच्या पुढे पुढे करताना मला त्या चेहऱ्यात म्हातारीच दिसत राहिली. हाव घराण्यात कशी उतरते ते दाखवायला वेगळा संवाद लागलाच नाही.

शिवाय तो पाऊस. मराठीत कोकणातला पाऊस म्हटला की अळूची पानं, कौलांवरचा ताल आणि गरम भजी ठरलेली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ती सगळी परंपरा चिखलात घातली. इथला पाऊस भिंतींना बुरशी आणतो, माणसांना कुजवतो. खऱ्या पावसासाठी त्यांनी कित्येक पावसाळे चित्रीकरण केलं. 2012 मध्ये सुरू झालेला सिनेमा पडद्यावर यायला 2018 उजाडलं. बघताना आपलेही कपडे दमट झाल्यासारखे वाटतात. एकच तक्रार: घर कोकणातलं, माणसं मराठी, आणि घरातल्या घरात सगळे हिंदी बोलतात. “कोण गं?” एवढं जरी त्या म्हातारीने मराठीत विचारलं असतं, तरी मी थिएटरातून उठून गेले असते. तेव्हा हिंदीचे आभारही मानायला हवेत.

पिठाचं म्हणाल तर त्याची भीती जरा उशिरा लागली. आमच्याकडे पोळ्या चालू असताना मुलांच्या हातात कणकेचा गोळा द्यायची पद्धत आहे. कुणी चिमणी करतं, कुणी साप, आणि मग ती चिमणी तव्यावर भाजून द्यावी लागते. सिनेमा पाहिल्यानंतरच्या आठवड्यात भाचीने बाहुली केली. हात, पाय, डोळ्यांच्या जागी दोन मोहऱ्या. मी तिला म्हटलं, बाई गं, चिमणीच कर.

आईला मी तो घरी टीव्हीवर दाखवला. कानाशी हात नाही, डोळ्यावर पदर नाही, शेवटपर्यंत स्वस्थ. तिला हस्तरशी काही देणंघेणं नव्हतं, हंडाभर मोहरांशीही नव्हतं. म्हातारीचा प्रसंग झाला तेव्हा मात्र तिने रिमोट मागून घेतला आणि सिनेमा थांबवला. मला वाटलं, घाबरली.

“त्या पोराच्या आईचं कोणीच काही बोलत नाही,” ती म्हणाली. “रोज त्या म्हातारीचं तीच करत होती ना? एका दिवसात पोरगा एवढा घाबरला, आणि ती?”

मग तिने सिनेमा पुन्हा चालू केला. वर मला बजावलं, आवाज कमी करू नकोस, नीट ऐकू येत नाही.