डॉल्फिनचा जंत, कर्वे रस्त्यावर

सकाळी साडेदहाला लॅबमध्ये एंडोस्कोपीचा नमुना आला. डबीत सलाइन आणि त्यात पांढुरका, दोन-अडीच सेंटिमीटरचा जंत. फॉर्मवर लिहिलं होतं : 'ॲस्कॅरिस?' मी डबी उजेडात धरली आणि तो घड्याळाच्या स्प्रिंगसारखा गुंडाळला गेला. मग हळूच उलगडला.

ॲस्कॅरिस म्हणजे माणसाच्या आतड्यातला नेहमीचा जंत, मोठा झाला की वीतभर असतो. हा त्याचं पिल्लू मानावा, तर जठराच्या अस्तरात डोकं खुपसून कसा बसला? लॅक्टोफिनॉलच्या द्रावणात तो पारदर्शक होईपर्यंत मी थांबले. मायक्रोस्कोपखाली तोंडाशी बारीक दात, अन्ननलिकेच्या शेवटी ग्रंथींचा गडद भाग, शेपटीला इवलंसं टोक. ॲनिसाकिस, समुद्री माशांतून येणारा जंत! आजवर मी तो फक्त पुस्तकात पाहिला होता.

डॉक्टरांना फोन केला. "सर, पेशंटनं काय खाल्लं होतं?" दहा मिनिटांनी उत्तर आलं. जपानहून परतायच्या आदल्या रात्री व्हिनेगरमध्ये मुरवलेला साबा, म्हणजे आपल्या बांगड्याच्या जातकुळीतला कच्चा मासा. विमानात बसायच्या आधीच पोटात कळा सुरू झाल्या होत्या. हा प्रश्न पहिल्याच तपासणीत विचारायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

व्हिनेगरनं या जंताची अळी, म्हणजे पिल्लू, मरत नाही. उणे २० अंशांवर सात दिवस गोठवलं किंवा नीट शिजवलं, तर मरते. नेदरलँड्समध्ये कच्चं हेरिंग खाणाऱ्यांच्या पोटात ती सापडल्याचं संशोधक व्हॅन थील यांनी १९६० मध्ये मांडलं होतं. तिचं खरं घर म्हणजे डॉल्फिन आणि देवमाशांचं जठर. तिथे ती मोठी होते, अंडी विष्ठेतून समुद्रात जातात, त्यांतून निघालेली अळी क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, गिळतात, क्रिलना मासे, माशांना पुन्हा डॉल्फिन. माणसात ती वाढतच नाही, थोड्या दिवसांत मरते. एवढा समुद्र पार करून चुकीच्या पोटात पोचलेल्या त्या जिवाबद्दल मला वाईट वाटलं, खरंच.

दुपारी पेशंटची आई रिपोर्ट न्यायला आली.

"मॅडम, घरात सगळ्यांना जंताचं औषध देऊ का?"

"नको काकू. हा एकापासून दुसऱ्याला होत नाही. आणि जंत काढलाय, तुमच्या मुलालाही आता बरं वाटेल."

"आणि आमचा बांगडा?"

"तळून खाता ना? खा बिनधास्त."

फॉर्मवर शौच तपासणीही मागितली होती. ती गरजेची नाही, असं मी रिपोर्टखाली लिहिलं. माणसाच्या पोटात हा जंत अंडी घालतच नाही.