झाबुआची जोडी, बुदनीचा भोवरा आणि आमचं दुकान

चैत्र लागला की इंदूरच्या मराठी घरांत माळ्यावरचे डबे खाली उतरतात. तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत सोयीच्या दिवशी हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि पायऱ्यापायऱ्यांची आरास. त्या पायऱ्यांवर मांडायला चांगली खेळणी हवीत, या गरजेतून आमचा धंदा उभा राहिला. आमच्या सासूबाईंच्या डब्यात सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं होती, एक जुनी ठकी होती. बाजारात मात्र बॅटरीवर बोंबलणारे ससे नि प्लास्टिकच्या निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या. आणि इंदूरपासून धारमार्गे जेमतेम दीडशे किलोमीटरवर झाबुआत उत्तम बाहुल्या होत होत्या, त्या आमच्या गल्लीत कुणाच्याच घरी नव्हत्या.

मी आणि माझ्या जाऊबाई, दोघींनी मिळून रामबागेतल्या घराच्या पुढच्या खोलीत माल मांडला. भांडवल भिशीचं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ओळखीतल्या बायका, आणि त्यांनी मोकळ्या मनाने घेतलं म्हणून पुढचं सगळं झालं.

झाबुआची बाहुली म्हणजे भिल्ल-भिलाला आदिवासी स्त्री-पुरुषांची जोडी. २०२३ साली झाबुआच्या रमेश आणि शांती परमार या दांपत्याला या कामासाठी पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा देशभर तिचं नाव झालं. आत तारेचा सांगाडा, त्यावर कापूस नि चिंध्यांचं भरण, वरून गडद तपकिरी कापड ताणून शिवलेलं. आम्ही ज्या ताईंकडून सर्वांत जास्त माल घेतो, त्यांच्या ओसरीवर मी पुष्कळदा बसले आहे. पुरुषाच्या बाहुलीचं पागोटं बांधायला त्या हातभर चिंधी घेतात, पाण्याचा हात लावतात, मांडीवर पीळ घालतात आणि मग ती चिमुकल्या डोक्याभोवती फिरवतात. एक पीळ सैल पडला तर सगळं उकलून पुन्हा. हातात तीरकामठं, कमरेला फालिया, म्हणजे कोयत्यासारखं धारदार हत्यार. बाईच्या डोक्यावर टोपली, गळ्यात मण्यांची हासळी, गालावर नि हनुवटीवर गोंदणाचे ठिपके, तेही सुईच्या टोकाने. डोळे सगळ्यांत शेवटी. डोळे काढताना त्या कुणाशी बोलत नाहीत, मुलंही तेवढा वेळ लांब खेळतात.

या बाहुलीबद्दल दुकानात एक प्रश्न हमखास येतो: जरा उजळ रंगाची नाही का? आम्ही नाही म्हणतो. ज्यांची ती बाहुली आहे, त्यांच्यासारखी ती दिसणार. एका व्यापाऱ्याने लग्नात वाटायला मोठी ऑर्डर देऊ केली होती, अट एवढीच की रंग गोरा आणि अंगावर शालू. ती ऑर्डर आम्ही घेतली नाही. ताईंनी पैशासाठी ते काम केलंही असतं, पण विकणाऱ्याने तिथेच थांबायला हवं, असं माझं ठाम मत आहे. कारागिराच्या पोटाचा प्रश्न पुढे करून त्याच्याकडून काहीही करून घेणं मला पटत नाही.

मग पैसे? खरी गोष्ट तिथेच आहे. झाबुआ, अलीराजपूरकडची कितीतरी कुटुंबं शेतीची कामं उरकली की मजुरीला गुजरातेत जातात आणि होळीआधी भगोरियाच्या हाटांसाठी, म्हणजे आदिवासींच्या जत्रेसारख्या बाजारांसाठी, परत येतात. बांधकामावर रोज हातात पडणारी मजुरी नि दिवसभर बसून केलेली बाहुली यांचा हिशोब त्या घरात रोज मांडला जातो. बाहुलीने मजुरीइतकं दिलं नाही, तर तिला कोण बसून राहणार? म्हणून आम्ही भाव पाडून मागत नाही. कापड, तार, मणी, गोंद यांचा खर्च त्या सांगतात, दिवसाची मजुरी त्याच सांगतात, त्याची बेरीज म्हणजे दर. आमचं भाडं, पॅकिंग, वाहतूक आणि नफा त्यावर. गिऱ्हाइकाला महाग वाटलं तर ही बेरीज आम्ही कागदावर करून दाखवतो, आणि बहुतेक जण ती वाचून घासाघीस सोडतात.

दुसरी बाजू वेळेची. विक्रीचा जोर दिवाळीला, म्हणजे माल तयार व्हायचा पावसाळ्यात. नेमका तेव्हाच शेतात बी-खताचा खर्च असतो आणि कारागिराच्या हातात दमडी नसते. तेव्हा सावकाराकडून उचल घेतली की दिवाळीची कमाई आधीच गेली म्हणून समजा. आम्ही ऑर्डरबरोबर निम्मी रक्कम देतो, उरलेली माल उचलतानाच. उधारी नाही. हा नियम आम्ही पोळल्यावर आणखी घट्ट केला. एका मोठ्या शोरूमने आमच्याकडून माल ठेवायला घेतला, महिनोन्‌महिने पैसे दिले नाहीत आणि शेवटी दागिने तुटलेल्या, ऊन लागून विटलेल्या बाहुल्या परत पाठवल्या. कारागिरांचे पैसे आम्ही केव्हाच चुकते केले होते, त्यामुळे तो सगळा तोटा आमच्या अंगावर आला. आता माल ठेवून घेण्याच्या बोलीवर आम्ही कुणालाच देत नाही, दुकान कितीही मोठं असो.

इंदूरचं स्वतःचं खेळणं कातड्याचं. घोडे, उंट, हरणं, वाघ. याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी शहरातल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. यातही तारेचा सांगाडा, त्यावर कागदाचं भरण दोऱ्याने आवळून जनावराचा आकार आणायचा, वर पातळ कमावलेलं कातडं चिकटवून अंगासरशी बसवायचं आणि काचेचे डोळे लावायचे. मानेजवळची नि मांडीजवळची वळी बोटाने दाबून काढतात, चांगल्या हाताचा घोडा तिथे ओळखू येतो. माळव्याचा पाऊस मात्र या मालाचा वैरी. दमट हवेत कातड्यावर पांढरी बुरशी धरते. आषाढापासून आम्ही सगळी जनावरं कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवतो, खोक्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतो आणि गिऱ्हाइकालाही काचेच्या बंद कपाटात कोंडू नका, हवा लागू द्या, असं सांगतो.

खेळायचं खेळणं हवं तर नर्मदाकाठची बुदनी. सिहोर जिल्ह्यातलं हे गाव लाखेच्या लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. लाकूड दुधीचं, म्हणजे आपला काळा कुडा. पांढरं, हलकं, खरादावर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, मऊ चालणारं. फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग लाकडावर चढतो. ब्रश लागत नाही. वर केवड्याचं पान दाबून धरलं की चकाकी येते. भोवरे, खुळखुळे, चाकाच्या गाड्या, भातुकलीचा संच. आमच्याकडे सर्वांत जास्त खपते ती भातुकली, आणि ती मुलगेही तितक्याच आवडीने घेतात.

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केलं होतं, पुढे २०२३ मध्ये ते ७० वर गेलं. आयात स्वस्त माल बाजारातून कमी झाला, आम्हाला मोकळा श्वास मिळाला. चिन्हाच्या सक्तीतून हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीकृत उत्पादकांना सूट आहे. त्यामुळे आम्ही पहिलं काम हे केलं की ज्यांच्याकडे या नोंदणीचं पहचान कार्ड नव्हतं, त्यांचे फॉर्म भरून दिले. जाऊबाई बँकेत होत्या, कागदपत्रांचा त्यांना कंटाळा नाही.

पण सूट आहे म्हणून सगळंच मुलांच्या हातात द्यावं, असं नाही. झाबुआच्या जोडीत तार आहे, सुटे मणी आहेत, ते तोंडात जाऊ शकतात. म्हणून दुकानात दोन वेगळ्या बाजू केल्या. एकीकडे आरास आणि कपाटासाठीच्या वस्तू, दुसरीकडे खेळण्यासाठीच्या. तीन वर्षांखालच्या मुलासाठी कुणी मागितलं तर आम्ही जोडी देत नाही, एकसंध मोठा खुळखुळा देतो आणि तो चाटला तरी तुटणारा भाग नाही ना, हे देण्याआधी स्वतः ओढून पाहतो. यामुळे विक्री बुडते, हे मान्य. पण आमच्या मालाने एखाद्या लेकराला इजा झाली, तर सगळ्या हातकामाचं नाव बदनाम होईल.

२०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद असताना फोनवर फोटो पाठवून माल विकला, तीच सवय पुढे राहिली. पुणे, नागपूर, बडोदा, ग्वाल्हेर, सगळीकडून मराठी घरं मागवतात.

नऊवारीतली बाहुली हवी, अशी मागणी जुनीच होती. झाबुआच्या ताईंना आम्ही ती करायला सांगितली नाही. त्याऐवजी सुदामानगरातल्या काही बायका एकत्र आल्या. महेश्वरच्या विणकरांकडे उरलेले काठाचे तुकडे आम्ही विकत आणतो, त्याच्या वीतभर साड्या होतात. आत फक्त कापूस, तार नाही, मणी नाहीत, नथसुद्धा भरतकामाची. ही बाहुली मुलीने कडेवर घेऊन झोपावं अशी आहे, धुतली तरी चालते. काष्टा शिवून टाकावा की नेसवता-सोडता यावा, यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. शेवटी सोडता येणारा ठेवला. मुली आईकडून शिकून स्वतः नेसवतात आणि आम्हाला फोटो पाठवतात.

सध्या चैत्रगौरीचं सामान पोहोचतं करणं सुरू आहे. दिवाळीसाठी ज्यांना झाबुआची जोडी हवी असेल, त्यांनी आषाढी एकादशीच्या आत कळवावं. त्यानंतर आलेली ऑर्डर आम्ही नव्या वर्षात देऊ, कारण ताईंना पेरणीच्या दिवसांत घाईचं काम सांगायचं नाही, असं आमचं ठरलेलं आहे. बुदनीचा आणि नऊवारीचा माल वर्षभर मिळेल. कातड्याची जनावरं पावसाळ्यात बाहेरगावी पाठवत नाही, ती दसऱ्यानंतर मागवा.