आमची वाटचाल: सकाळी सहाचं हिगाशियामा

क्योतो शहराच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी हिगाशियामा हा देवळांचा जुना भाग पसरला आहे. तिथून मराठी पाहुण्यांना पायी फिरवणं हा आमचा व्यवसाय. एक फेरी, एक भाषा, जास्तीत जास्त आठ माणसं. आठच का, तर तिथल्या उतारांवर रस्ता आणि फूटपाथ असा भेदच नाही. नववा माणूस आला की टोळकं रस्ता अडवतं, मागून टॅक्सी येते आणि गाइडला ओरडून बोलावं लागतं. देवळात ओरडणारा गाइड कुणालाच नको असतो, पाहुण्यांनाही नाही.

पूर्वी जपानमध्ये पैसे घेऊन परदेशी पाहुण्यांना त्यांच्या भाषेत फिरवायचं, तर सरकारी परीक्षा पास व्हावी लागायची. ही परीक्षा दहा परदेशी भाषांत होते. त्यांत मराठी सोडाच, हिंदीही नाही. ४ जानेवारी २०१८ ला सुधारित कायदा लागू झाला. तेव्हापासून परवाना नसलेल्यालाही मोबदला घेऊन फिरवता येतं, फक्त ती सरकारी पदवी नावापुढे लावता येत नाही. मराठीतून फेरी काढणं शक्य झालं ते यामुळे. दुसरी मर्यादा आजही आहे. पाहुण्यांच्या हॉटेलाची किंवा बसची व्यवस्था करून पैसे घेतले, की ट्रॅव्हल कंपनी म्हणून नोंदणी लागते. आम्ही त्यात पडलो नाही. देवळांची तिकिटंही पाहुणे स्वतः काढतात, त्यामुळे हिशेब स्वच्छ राहतो. फी माणशी घेत नाही, पूर्ण गटाची घेतो. चौघांच्या कुटुंबातले आजोबा ऐनवेळी हॉटेलवरच थांबले, तर कुणी घासाघीस करायला नको.

२०२० मध्ये सीमा बंद झाल्या. एकट्यादुकट्या पर्यटकांसाठी त्या नीट उघडल्या ११ ऑक्टोबर २०२२ ला. त्या काळात फेरी चालू राहिली ती जपानातच राहणाऱ्या मराठी कुटुंबांमुळे. टोक्योतल्या निशिकासाईहून शिनकान्सेन या वेगवान रेल्वेने येणाऱ्या माणसाला बूट कुठे काढायचे हे सांगावं लागत नाही, आणि कियोमिझु देवळाच्या सज्ज्यावरचा फोटो त्याच्याकडे आधीच असतो. त्याला वेगळं काही हवं असतं. आमची वाट बदलली ती याच पाहुण्यांच्या प्रश्नांमुळे.

आधीची वाट सगळे घेतात तीच होती: कियोमिझुदेरा, सान्नेनझाका, निनेनझाका, कोदाइजी, मारुयामा बाग, यासाका देवस्थान आणि शेवटी चिओन-इन. दिसायला देखणी आणि बहुतेक उताराची. पण तिच्यात दोन अडचणी होत्या. एक गर्दीची. दहाच्या सुमारास दुकानं उघडतात आणि तिथून दुपारी तीनपर्यंत या उतारांवर पाऊल टाकायला जागा नसते. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाळांच्या सहलींची त्यात भर. दुसरी अडचण खास आपल्याकडची. मराठी माणूस देवळात गेला की दर्शन शोधतो, आणि या वाटेवर मूर्ती फारशा दिसतच नाहीत. कियोमिझुची मुख्य मूर्ती, अकरा मुखांची सहस्रभुज कान्नोन ही करुणेची देवता, बंद देव्हाऱ्यात असते आणि ३३ वर्षांतून एकदा उघडते. मागे २००० मध्ये उघडली होती, आता २०३३ मध्ये उघडेल. हे आधी सांगितलं नाही, तर पाहुणा सबंध देऊळ फिरून शेवटी विचारतो, "आणि देव कुठाय?"

म्हणून उत्तरेकडचा भाग सोडला आणि कियोमिझुवरून पश्चिमेला, रोकुहाराकडे उतरू लागलो. गेइशांसाठी प्रसिद्ध गिओनच्या गल्ल्याही त्यामुळे सुटल्या, ते बरंच झालं. तिथल्या खाजगी गल्ल्यांत २०१९ पासून फोटो काढायला मनाई आहे, दंड १०,००० येन. २०२४ मध्ये तर पर्यटकांना अशा गल्ल्यांत शिरायलाच बंदी झाली. तरी "गेइशा दाखवणार का" हे विचारलं जातंच. संध्याकाळी कामाला निघालेल्या बाईला वाटेत अडवून फोटो मागणं हा आमच्या फेरीचा भाग नाही, हे आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट सांगतो.

आता वाट कशी जाते ते. सकाळी सहाला केइहान रेल्वेच्या कियोमिझु-गोजो स्थानकाबाहेर भेटतो. बसथांबा ठरवत नाही, कारण इतक्या लवकर बसगाड्या तुरळक असतात. गोजोझाका चढून वर उजवीकडे चावानझाका लागते. ही कुंभारकामाच्या दुकानांची गल्ली, मुख्य रस्त्यापेक्षा शांत. वीस-पंचवीस मिनिटांत देवळाच्या दारात. कियोमिझु वर्षभर सकाळी सहाला उघडतं. तिकीट सध्या ५०० येन, सुटी नाणी जवळ ठेवावीत.

वरच्या सज्ज्यावर पाच मिनिटं पुरतात, सज्जाखाली पंधरा हवीत. बहुतेक गट याच्या नेमकं उलट करतात. सध्याचं मुख्य मंदिर १६३३ चं. सज्जा सुमारे १३ मीटर उंच, केयाकी लाकडाच्या १८ जाड खांबांवर उभा. ओतोवा धबधब्याकडे उतरताना मान वर केली की खांबांतून आडव्या आरपार गेलेल्या तुळया दिसतात. खांबाला भोक पाडून त्यातून तुळई घातलेली आणि बाजूने लाकडी पाचर ठोकलेली, खिळा नाही. भूकंपात हा सांगाडा थोडा हलतो, मोडत नाही. तुळयांची टोकं जिथे बाहेर डोकावतात तिथे प्रत्येकीवर छोटंसं लाकडी छप्पर आहे. लाकूड कुजायला सुरुवात होते ती कापलेल्या टोकातून, तिथे पाणी मुरतं म्हणून. सज्जाची जमीनही दरीकडे किंचित उतरती ठेवली आहे, पाऊस वाहून जावा यासाठी. सुतारकाम जाणणारा एखादा पाहुणा गटात असला की इथली पंधरा मिनिटं कमी पडतात.

ओतोवाच्या तीन धारा आहेत. लांब दांड्याच्या पळीने कुठल्यातरी एकाच धारेचं पाणी प्यायचं. तिन्ही पिणं हावरटपणाचं मानतात. पळ्या अतिनील किरणांच्या पेटीत ठेवलेल्या असतात, तेव्हा उष्ट्याची शंका नको. पळीला तोंड न लावता पाणी ओंजळीत घेतलं तरी चालतं, आणि आपल्या लोकांना तेच सवयीचं.

खाली येताना सान्नेनझाकाच्या ४६ पायऱ्या. इथे पडलं की तीन वर्षांत मरण येतं अशी समजूत आहे, आणि पायथ्याच्या दुकानात त्यावर उतारा म्हणून छोटे भोपळे विकतात. समजूत काहीही असो, पाऊस पडला की दगड खरोखर निसरडे होतात. गुडघे दुखणाऱ्यांना आम्ही या पायऱ्यांवरून नेत नाही. कियोमिझुझाकाने सरळ हिगाशिओजी रस्त्याला उतरवतो आणि गट खाली एकत्र येतो. ही सोय फुकट आहे, पण आधी कळायला हवी, कारण मग आमची दोन माणसं लागतात.

साडेसातला यासाका पॅगोडा. १४४० मध्ये पुन्हा बांधलेला, ४६ मीटर उंच. आत जाता येईलच असं नसतं, म्हणून बाहेरूनच बघतो. आजूबाजूला माणसं राहतात, तेव्हा इथे आवाज खाली.

मग हिगाशिओजी ओलांडून रोकुहारा. पर्यटक पातळ होतात. पूर्वी शहराच्या प्रेतांची वाट इथून तोरिबेनोच्या स्मशानाकडे जायची, त्यामुळे इथली देवळं मृतांशी जोडलेली. रोकुदो चिन्नोजीमधली घंटा बाहेरून ठोकत नाहीत, भिंतीतून आलेला दोर आपल्याकडे ओढून वाजवतात. ७ ते १० ऑगस्टला लोक रांगा लावून ही घंटा वाजवतात आणि आपल्या पितरांना घरी बोलावतात. ऑगस्टचा दमट उकाडा सोसणार असाल तर फेरी याच दिवसांत घ्या, असं आम्ही मुद्दाम सांगतो.

साडेआठला रोकुहारामित्सुजीचं मूर्तिदालन उघडतं, तिकीट ६०० येन. आमचे पाहुणे सगळ्यात जास्त रेंगाळतात ते इथे, आणि तेही जेमतेम ११७ सेंटिमीटरच्या एका मूर्तीपुढे. कूया नावाचा दहाव्या शतकातला साधू. पायांत गवती चपला, गळ्यात टांगलेली घंटा, एका हातात ती वाजवायचा लहान दांडा, दुसऱ्या हातात हरणाचं शिंग लावलेली काठी. तोंड अर्धवट उघडं आणि त्यातून तारेवर सहा इवल्या बुद्धमूर्ती बाहेर येताहेत. "नामु आमिदा बुत्सु" हे नाम चिनी लिपीत सहा अक्षरांचं, म्हणून सहा मूर्ती. कूया गावोगाव फिरून हे नाम घ्यायचा आणि लोकांकडून घेववायचा. विहिरी खणायचा, बेवारस प्रेतांना अग्नी द्यायचा. मूर्ती तेराव्या शतकातली, शिल्पकार उनकेइचा मुलगा कोशो याने घडवलेली. टाळ घेऊन नाचणारा वारकरी ज्याने पाहिला आहे त्याला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. आम्ही फक्त त्याच्या पोटऱ्यांच्या शिरा बघायला सांगतो. फार चाललेल्या माणसाचे पाय आहेत ते.

तिथून वीस मिनिटांवर सान्जूसान्गेन्दो. उन्हाळी वेळ साडेआठची. १६ नोव्हेंबर ते ३१ मार्च नऊची. तिकीट ६०० येन. सुमारे १२० मीटर लांब दालन, १२६६ चं. मधोमध शिल्पकार तान्केइने १२५४ मध्ये पूर्ण केलेली बसलेली कान्नोन आणि दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे उभ्या. सहस्रभुज म्हणवणाऱ्या या उभ्या मूर्तींचे हात मोजायला मुलं लागतात आणि ते हजार भरत नाहीत. जोडलेले दोन हात सोडले तर ४० आहेत, आणि एकेक हात २५ जगांतल्या जीवांचा उद्धार करतो असा हिशेब आहे. पुढच्या रांगेत २८ रक्षकदेवता. ब्रह्मदेव, इंद्र, लक्ष्मी यांची जपानी रूपं त्यांत आहेत. चोचीचा गरुड चक्क बासरी वाजवतो आहे. आम्ही नावं आधी सांगत नाही, ओळखायला लावतो. आत फोटोला बंदी आहे, त्यामुळे फोन खिशात जातात आणि लोक खरंच बघतात. इथे पाऊण तास ठेवला आहे, तो कमी करत नाही.

सव्वादहाला फेरी संपते. केइहानचं शिचिजो स्थानक तिथून जवळ आहे.

राहता राहिलं पोट. सहाची वेळ म्हणजे हॉटेलचा नाश्ता हुकतो, आणि पैसे भरलेला नाश्ता सोडणं जिवावर येतं. त्या दिवसापुरती खोली नाश्त्याशिवाय घ्या. वाटेत चहाची दुकानं उघडी नसतात. यंत्रातला होजिचा, म्हणजे भाजलेल्या पानांचा चहा, मिळतो, थंडीत गरम असतो, पण दूध-साखरेची अपेक्षा नको. सोबत आणलेल्या दशम्या, लाडू चालतील, फक्त देवळाच्या आवारात आणि चालता चालता खायचं नाही. कचऱ्याचे डबे सापडत नाहीत, पिशवी जवळ बाळगा.

शाकाहाराबद्दल गोडगोड बोलून उपयोग नाही. नुसत्या भाजीच्या नूडल्सचं पाणीही बहुधा बोनितो माशाच्या अर्काचं असतं. युदोफूमधला (गरम पाण्यात उकळलेला) तोफू चालतो, सोबतचा चटणीवजा सोया सॉस मात्र विचारून घ्यावा, त्यातही मासा असू शकतो. भरवशाचं म्हणजे देवळांचं शोजिन जेवण: कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि शिताके अळिंबी यांचा अर्क, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. जैन पाहुण्यांची तरीही पंचाईत होते, कारण मुळा, कमळकंद आणि गोबो हे कंद त्यात हमखास असतात. या जेवणाचं आरक्षण आदल्या दिवशीपर्यंत करावं लागतं. गोडात यात्सुहाशी बिनधास्त खा: तांदळाचं पीठ, साखर, दालचिनी, आत अझुकी या लाल कडधान्याचं पुरण.

कधी यावं यावरही आमचं मत आहे. महाराष्ट्रातल्या शाळांना सुट्टी लागते तोवर क्योतोतला साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, झडून गेलेला असतो. तो मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा. दिवाळीच्या सुट्टीत मेपल अजून हिरवा असतो, रंग भरतो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. आणि १ मेच्या आसपास नेमका जपानी गोल्डन वीक येतो, तेव्हा सगळा जपान फिरायला निघालेला असतो. त्यामुळे मुलांच्या शाळेला बांधलेल्यांनी फुला-पानांचा नाद सोडून वेळ सांभाळावी. ज्यांना बंधन नाही त्यांनी जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी घ्यावा. गर्दी सगळ्यात कमी, हवा कोरडी. फक्त देवळांच्या लाकडी जमिनी बूट काढल्यावर बर्फासारख्या लागतात, जाड मोजे दोन जोड आणा.

डिसेंबर ते फेब्रुवारी आम्ही पावणेसातला निघतो, कारण सूर्यच सातच्या सुमारास उगवतो. १५ जानेवारीच्या जवळच्या रविवारी सान्जूसान्गेन्दोमध्ये तिरंदाजीची स्पर्धा असते आणि प्रवेश मोफत असतो. त्या दिवशी आत उभं राहायलाही जागा नसते, म्हणून फेरी बंद. स्पर्धा बघायची असेल तर स्वतंत्र जा, सकाळी लवकर.