तुम्ही विचारलंत म्हणून: चांगलं कोकरूच का मरतं?

दर जूनमध्ये कुणीतरी विचारतंच. सगळ्यात भरलेलं कोकरू संध्याकाळी चरून आलं, सकाळी मेलेलं. साप चावला, की कुणी काही चारलं? भाऊ, बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. तो आंत्रविषार असतो, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषानं होणारा रोग, आणि तो भरलेल्यालाच गाठतो.

त्याचे जंतू निरोगी मेंढीच्या आतड्यातही असतात. कोकरानं ज्वारी, चुरी किंवा पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं, की न पचलेलं पीठ, साखर लहान आतड्यात उतरते. तिथं जंतू भराभर वाढून विष सोडतात. आईचं सगळं दूध एकटं पिणारं कोकरू म्हणूनच जातं, जुळ्यातलं अर्धपोटी बहुधा वाचतं.

चुरीचं पोतं उघडं राहिलं ती संध्याकाळ डोळ्यांपुढून हलत नाही. तीन महिन्यांचं कोकरू. आधी नुसतं बाजूला उभं. मग दात खाऊ लागलं, पाय लटपटले. आडवं पडलं, मान पाठीकडे ताणली, तोंडाला फेस, चारही पाय हवेत झाडत राहिलं. पहाटेच्या आत संपलं. शवविच्छेदनात हृदयाभोवती पाणी, मूत्रपिंड लगद्यासारखं. झटके सुरू झाल्यावर औषधाचा उपयोग क्वचितच होतो.

या रोगाची लस दिली नव्हती का, असंही विचारता. दिली होती, एकदाच. पहिल्या टोचणीनं अंग नुसतं तयार होतं. भरवसा 2 ते 3 आठवड्यांनी दुसरी दिल्यावर. ती राहिली, चूक माझी. पुढे दरवर्षी मे महिन्यात एक. लस 2 ते 8 अंशांत ठेवायची. गोठली तरी वाया. मेंढीला विण्याच्या महिनाभर आधी टोचली तर चिकातून कोकराला बळ मिळतं, पण चीक पहिल्या दोन तासांत पोटात जायला हवा: अडीच किलोच्या कोकराला एका वेळी साधारण 125 मिलिलिटर.

दाणा बंदच करा, असं मी पूर्वी ठासून सांगायचो. आता सांगत नाही, कारण आखूड कुरणावर नुसत्या चराईनं कोकरू वजन धरत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून चिमूटभर, महिन्याचं झालं की 50 ग्रॅम, दोन महिन्यांचं झालं की 100, दोन वेळा विभागून. आधी तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा सुका भुसा, मगच दाणा. गव्हाण एवढी लांब हवी की सगळी एकदम तोंड घालतील, नाहीतर दांडगं कोकरू दुसऱ्याचाही वाटा खातं. जूनमध्ये कुटार खाऊ घालूनच रानात सोडायचं.

एवढं करूनही दाणा निम्मा करावा का, हे रोज माप हातात घेतलं की नव्यानं ठरवावं लागतं.